दोन हजार किलोमीटरचा पुलाव

"आलं! आलं!" शेषराव गच्चीवरून ओरडले तेव्हा पुष्पाबाईंना वाटलं, नळाला पाणी आलं. त्या हंडा घेऊन धावल्या.

आलं होतं ते इराणच्या टीव्हीचं चित्र. निवृत्त लाइनमन शेषरावांना नाद एकच. अँटेना फिरवून दूरदेशीची केंद्रं पकडायची आणि वहीत तारीख, वेळ, अंतर लिहायचं. एकोणीस वर्षांत त्या वहीत एकही खोटी नोंद नव्हती, आणि याचा त्यांना पेन्शनपेक्षा जास्त अभिमान होता. आता सलग आठ दिवस, दुपारी दोन ते तीन, पडद्यावर एक बाई पुलाव शिजवत होती. कोपऱ्यात केंद्राची खूण अगदी स्वच्छ.

"दुपारी हवेचे वरचे थर तापतात," शेषराव म्हणाले. "मंग सिग्नल उडी मारून येते."

"उडी मारून रोज पुलावच काऊन येते?" पुष्पाबाईंनी विचारलं आणि रिकामा हंडा आपटला.

शेषरावांनी वहीत 'अंतर: दोन हजार किलोमीटर' लिहिलं आणि केंद्राला पत्र धाडलं. चित्र दिसल्याचं कळवलं, तर केंद्र खातरजमेचं पत्र पाठवतं. त्या कागदासाठी हे नादिष्ट लोक जीव टाकतात.

महिन्याभराने परदेशी पाकीट आलं. पोस्टमनने ते आधी सगळ्या बाजाराला दाखवलं, मग शेषरावांना दिलं. बाजारच्या गप्पांत सकाळी शेषरावांनी इराण पकडलं होतं. संध्याकाळपर्यंत इराणनेच शेषरावांना बोलावलं होतं. नगरपालिकेला उभं राहायच्या तयारीत असलेल्या चंद्रशेखरला सत्कारासाठी कोणीतरी हवंच होतं. दोन दिवसांत बसस्टँडवर फ्लेक्स लागला, 'सातासमुद्रापार झेंडा रोवणारे भूमिपुत्र!' त्यात चंद्रशेखर दाराएवढा होता आणि शेषराव तिकिटाएवढे.

"अरे, पत्र फारसीत हाये, अजून वाचलं नाही," शेषराव म्हणाले.

"वाचाचं काय त्यात, काका? शिक्का हाये ना!"

सत्काराच्या मंडपात शेजारच्या बिलकिसबी लेकीला, अलफियाला, घेऊन आल्या होत्या. अलफियाने पत्रावर मोबाइल धरला, भाषांतर वाचलं आणि तिचा चेहरा पडला.

"काका, ते म्हणतात, आभारी आहोत. पण आमचं जमिनीवरचं प्रसारण सहा वर्षांपूर्वीच बंद झालं. आता फक्त डिशवर दिसतं."

"मंग मी काय पाह्यलं?"

"ती पुलाववाली?" बिलकिसबी मधेच म्हणाल्या. "भाऊ, ती तं मी रोज दोन वाजता पाह्यते. आमच्या छत्रीवर. तिची जबान समजत नाही, पुलाव समजते!"

शेषराव लाइनमनच, एका क्षणात सगळं ध्यानात आलं. बिलकिसबींच्या डिशच्या डब्याची वायर बिलकिसबींच्याच गच्चीवरच्या जुन्या अँटेनालाही जोडलेली राहिली होती. तो अँटेना सिग्नल घ्यायचं सोडून वाटत सुटला होता, शेषरावांच्या गच्चीपासून बावीस फुटांवर. वहीत खोटी नोंद झाली होती!

"चंद्रशेखर, माइक दे मले. ते इराण नव्हतं, बाजूचं घर होतं."

चंद्रशेखरने माइक घट्ट धरला. "काका, फ्लेक्स छापून झाला. आता अंतर कमी करता येत नाही."

मग त्याने भाषणात ते पाच हजारांवर नेलं. शेषराव मान हलवून नाही नाही म्हणत राहिले. लोक म्हणाले, किती विनम्र माणूस! टाळ्या थांबेनात. शाल अंगावर पडली.

घरी येताच शेषरावांनी शालीसकट वही उघडली. जुनी नोंद खोडून लिहिलं, 'अंतर: बावीस फूट. चित्र: उत्तम.' खातरजमेचा रकाना मात्र रिकामाच राहिला. त्यांना फार वाईट वाटलं.

तेवढ्यात अलफिया झाकलेली ताटली घेऊन आली. "अम्मीने पाठवलं. तोच पुलाव."

शेषरावांनी दोन घास खाल्ले, पेन उचललं आणि लिहिलं, 'खातरजमा: मिळाली. मीठ थोडं कमी.'