आखूड धाग्याचा बँड

दगाजी आप्पांसमोर बँड वाजू लागला की ते अंगठा आणि बोट जुळवून हवेतून काहीतरी उपटायचे. मग दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ते ‘काहीतरी’ ताणायचे, डोळ्यांजवळ नेऊन बघायचे आणि फुंकर मारून उडवून द्यायचे. उडवलं की निकाल लागला. “आखूड धागा,” आप्पा म्हणायचे. वरातीतली परगावची माणसं दचकून त्यांच्या बोटांकडे बघत राहायची. आम्हा गल्लीकरांना त्याचं काही वाटत नसे.

मी शहाद्याला हायस्कुलात इतिहास शिकवायला आलो तेव्हा साठ साल उलटलं होतं आणि आप्पा कापसाच्या जिनिंगमधून नुकतेच निवृत्त झाले होते. जन्मभर त्यांनी एकच काम केलं. रुईची चिमूट ओढून धाग्याची लांबी पाहायची आणि मालाची प्रत सांगायची; धागा लांब तर माल चांगला, आखूड तर हलका. जिनिंग सुटलं, पण चिमूट काही सुटली नाही. गावात आलेल्या एका पुढाऱ्याचं भाषण ऐकून आप्पा मला म्हणाले, “रुई कमी, सरकी जास्त.” माझा तास त्यांनी शाळेच्या खिडकीतून ऐकला होता. त्यावरचा निकाल मला रस्त्यात, पोरांदेखत मिळाला. “सर, सुरुवात लांब धागानी शे. शेवट कवडी.” कवडी म्हणजे किडका, डागी कापूस. पुतण्यासाठी मुली बघायला एकदा त्यांना नेलं होतं. त्यानंतर त्या घरात कुणी मुलगी बघायला जायचं ठरलं, तर आधी आप्पांना कुठेतरी परगावी पाठवत.

पण खरी पारख बँडची. संगीतातलं आप्पांना ओ की ठो कळत नव्हतं, हे मी त्यांच्यावरच्या सगळ्या मायेनिशी सांगतो. त्यांचा सिद्धांत पितळेचा होता. वरात निघायच्या आधी ते मोठा भोंगा हातात घेऊन त्याचं वजन करत. “पितळ जड पाहिजे, सर. हलकं पितळ पातळ रडस.” त्यांच्या मते चांगला बँड म्हणजे, वाजून गेल्यावर छातीत थोडा वेळ दुखलं पाहिजे.

गावात बँड एकच, महेबूब मास्तरांचा. मास्तर जातीचे पिंजारी. लगीनसराई सरली की कोट उतरवून गाद्या भरायचे. स्वतः सनई-क्लॅरनेट वाजवत, आणि वाजवताना असे डोळे मिटत की वरात कोपऱ्यावर वळली तरी हे सरळच चाललेले असत. ढोलवाला मग कोट धरून त्यांना ओढून आणी. वरात पोचवून झाली की मास्तर आप्पांच्या ओट्यावर चहाला यायचे आणि दरवेळी विचारायचे, “आप्पा, कशे वाटनं?”

“आखूड धागा.”

“आखूड धागानीच गादी मऊ व्हस, आप्पा,” मास्तर हसून म्हणायचे. पण बशीत चहा ओतताना त्यांचा चेहरा जरासा उतरलेला असायचा. आप्पांच्या तोंडून एक बरा शब्द निघावा म्हणून हा माणूस कितीतरी वर्षं त्या ओट्यावर चहा पीत होता.

तो चहा करायच्या कमळाकाकू, आप्पांच्या पत्नी. बँडचा पहिला ठोका गल्लीत आला की तव्यावरची भाकरी तशीच टाकून, पिठाच्या हातांनी त्या ओट्यावर यायच्या. पदर नीट घ्यायचंही भान नसे. मान अशी हलत असायची की बघणाऱ्यालाच नाचावंसं वाटावं. आणि आप्पा न बघता म्हणायचे, “मझार जाय वं. कवडी माल शे. काय ऐकस?” काकू आत जायच्या, पण दाराआड थांबायच्या. “माले ते आवडस भो,” असं त्या दाराला सांगत असाव्यात, कारण आप्पा ते कधीच ऐकून घेत नसत. नावडतीचं मीठ अळणी, हे मला समजतं. पण बायको आप्पांची नावडती नव्हती. तिला आवडलेलं आपल्याला आवडलं असं चारचौघांत दिसू नये, एवढीच त्यांची धडपड होती.

एका उन्हाळ्यात काकू आजारी पडल्या. आप्पांनी त्यांना चिंचपाड्याच्या दवाखान्यात नेलं, परत आणलं आणि थोड्याच दिवसांत त्या गेल्या. आप्पा रडले नाहीत. दारावर बसायला येणाऱ्या माणसांसमोर ते नुसते गुडघ्यांवर हात ठेवून बसत. माणसं निघून गेली की घरात भांडं पडल्याचासुद्धा आवाज येत नसे. समोरच्याच माझ्या घरात मला बसवेना.

सुतकातच कळसाडीच्या रमणभाईंची वरात आली. रमणभाई गुजर शेतकऱ्याचा मुलगा, केळी आणि कापसाचं मोठं घर. सासुरवाडी आमच्या गल्लीच्या पुढच्या टोकाला, आणि तिथे जायला आमच्या गल्लीशिवाय वाट नाही. त्यांच्या चुलतभावाने सुरतेहून टेपरेकॉर्डर आणला होता, बॅटरीवर चालणारा, फितीच्या चाकांचा. तो गळ्यात अडकवून हा गडी वरातीबरोबर चालत बँड भरून घेत होता. गल्लीच्या तोंडाशी महेबूब मास्तरांनी हात वर केला आणि बँड थांबला. दुःखाच्या दारावरून वाजवत जायचं नाही, ही रीत. वरात मुकाट्याने पुढे सरकली आणि पलीकडच्या टोकाला जाऊन पुन्हा वाजू लागली. आम्ही आप्पांच्या ओट्यावर बसलेल्यांनी मास्तरांचं मनातून कौतुक केलं. आप्पा खाली बघत होते.

त्यानंतर आप्पा कुठल्याही लग्नाला गेले नाहीत. चिमूटही बंद झाली. त्यांनी माझ्या तासाला नावं ठेवावीत म्हणून मी एकदा मुद्दाम खिडकीशी उभं राहून शिकवलं, तरी काही उपयोग झाला नाही.

दिवाळीच्या सुमारास रमणभाई ते टेपचं मशीन घेऊन आले. मुंबईला कुणी ओळखीचे होते, तबकड्या काढणारे. मास्तरांच्या बँडची तबकडी निघाली तर निघाली, म्हणून टेप पाठवायची होती. मास्तरांनी अट घातली, “पहिले आप्पा ऐकतीन. आप्पा ‘हा’ बोलनात तरच धाडा.” मी आप्पांना जवळजवळ ओढून माझ्या ओसरीवर आणलं. मास्तर भिंतीला टेकून बसले. त्यांच्या हातांना काय करावं ते सुचत नव्हतं.

चाकं फिरू लागली. बँडच्या आधी गर्दीच आली. “ए बापू, घोडाले धर!” असं कुणीतरी ओरडलं. एक पोर रडलं. एक कुत्रं भोंग्याच्या सुरात सूर मिळवून ओरडू लागलं, तेव्हा आप्पांचा चेहरा कित्येक महिन्यांनी हलला.

“हाऊ कुत्रा बँडमा ल्या, मास्तर. याना धागा लांब शे.”

आम्ही सगळे हसलो. मास्तर सर्वांत जास्त हसले. रमणभाई मात्र ओशाळून म्हणाले, “तबकडीसारखं साफ नहीं उनं, आप्पा. गर्दी फार शे.”

“तबकडीमा गाव नसस,” आप्पा म्हणाले. “आठे समदं गाव शे. बापू शे, घोडा शे. ऱ्हाऊ द्या.” आणि त्यांची बोटं आपोआप जुळली. क्लॅरनेट वर चढत होतं. आप्पांनी चिमूट ओढली, ताणली, आणखी ताणली. मास्तर त्या बोटांकडे बघत होते.

तेवढ्यात बँड थांबला.

मशीनमधून नुसत्या चपला घासल्याचा आणि घोड्याच्या टापांचा आवाज येऊ लागला. रमणभाई त्या दिवशी कपाळाला मुंडावळ्या बांधून घोड्यावर होते, त्यांना काही आठवत नव्हतं. फितीसाठी आणलेली कात्री काढून ते म्हणाले, “आठे काहीतरी बिघडेल दिखस. एवढं कात्रीनं कापी टाकूत. मंग पुढलं जोडी देऊत.”

मास्तरांनी मान खाली घातली. मी रमणभाईंना खूण करणार, एवढ्यात त्या टापांच्या मधून कुणीतरी खोकलं. जवळून, ओट्यावरून. एकदाच.

“तो मी शे,” आप्पा म्हणाले.

त्या दिवशी मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. मला तो खोकलाच वाटला होता.

“मास्तर, तुम्हीन हात वर करा ना, तवय मी बोलनार व्हतू. वाजाडा, म्हनीसन.” आप्पा मशीनकडे बघत बोलत होते. “दहावं व्हयेल नव्हतं. ती घरमाच व्हती. बँड ऐकीसन ती ओटावर येती. पहिलांदाच मी तिले काही बोलनार नव्हतू. पन दारवर एवढा मानसं बठेल. बायको मरनी आनि हाऊ बँड वाजाडाले लावस, असं म्हनतीन, म्हनीसन गळामाच आडकनं. नुसता खोकला उना.”

“रीत व्हती, आप्पा,” मास्तर कसेबसे म्हणाले. “माले माहीत ऱ्हातं तर...”

“तुम्हनं काही चुकनं नहीं, मास्तर. चांगलं वाजाडतस तुम्ही. ती रोज सांगे माले.”

मशीनमध्ये वरात गल्लीच्या पलीकडच्या टोकाला पोचली आणि बँड एकदम दणक्यात वाजू लागला. भोंगे, ढोल, ते कुत्रं, सगळं. मास्तर तोंडावर उपरणं धरून बसले होते. रमणभाईंनी कात्री खिशात टाकली. आप्पा उठले आणि समोरच्या आपल्या घराच्या दाराकडे तोंड करून, ऐकत उभे राहिले.