परत केल्याची पोच

नोंदणी कचेरीतला संगणक रोज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी बंद पडतो, ही बाब सर्व संबंधितांना मान्य होती. तो बंद पडला की खिडक्या मिटत, डबे उघडत, आणि तीन वाजता त्याला पुन्हा चालू करून कामकाज पूर्ववत होई. अकरा वर्षांत याबद्दल एकही तक्रार नव्हती, कारण तक्रारी त्याच संगणकावर नोंदवायच्या होत्या.

सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेल्या प्रोग्रामरबाईंना मात्र स्वस्थ बसवेना. सी भाषेतला तो जुना प्रोग्राम त्यांनी ओळीओळीने वाचून काढला. प्रत्येक अर्जदारासाठी तो संगणकाकडून थोडी मेमरी मागून घेई आणि काम झालं तरी परत देत नसे. माणूस दाखला घेऊन घरी जाई, त्याची जागा अडूनच राही. दोन दहाला सगळी मेमरी संपे. उपाय एका ओळीचा होता. शुक्रवारी बाईंना कायम करायचं की घरी पाठवायचं हे ठरणार होतं, आणि चांगलं काम दाखवलं की नोकरी टिकते असं त्यांना वाटे. भोळ्याच होत्या बिचाऱ्या.

"साहेब, इथं 'फ्री' लिहिलं की मेमरी परत जाते."

"परत मिळाल्याची पोच?"

"फ्री काहीच उत्तर देत नाही, साहेब."

"मग परत केली कशावरून?" साहेबांनी चष्मा काढला. "आणि त्या जागेचा पत्ता?"

"तो प्रोग्रामकडेच राहतो. फक्त तिथं पुन्हा जायचं नाही."

"कुणाच्या भरवशावर?"

"लिहिणाऱ्याच्या."

"बाई, इथं आम्ही पेनसुद्धा दोरीला बांधून ठेवतो."

तरी बुधवारी बाईंनी ती ओळ घातलीच. दोन दहा झाले, अडीच झाले, संगणक आपला चालूच. खिडकीवरचे काका डब्याकडे बघत दाखले छापत राहिले. "अहो बाई, हा पडत का नाहीये? काय केलंत त्याला?"

चार वाजता साहेबांचं पत्र आलं: 'संगणक विनाखंड चालल्यामुळे कामकाज विस्कळीत झाले. जबाबदारी निश्चित करावी.' निदान लोक तरी आपल्या बाजूचे असतील, म्हणून बाई रांगेकडे धावल्या.

"पाच मिनिटांत काम झालं ना तुमचं?" त्यांनी एका गृहस्थांना विचारलं.

"तेच तर!" गृहस्थ करवादले. "ऑफिसात अर्धा दिवस सांगून आलोय मी. खिडकी बंद असते म्हणून तर आम्ही सगळे दोनला येतो. आता परत जाऊन कामाला बसू?"

गुरुवारी बाईंनी ओळ काढून टाकली. दोन दहाला संगणक बंद पडला, आणि काचेच्या दोन्ही बाजूंनी सुटकेचे निःश्वास ऐकू आले.

"चूक मागं घेतलीत?" शुक्रवारी साहेबांनी विचारलं.

"घेतली, साहेब."

"पोच?"

बाईंनी स्वतःच्या हातानं लिहून, सही करून दिली. साहेबांनी त्यावर शिक्का मारला आणि बाई कायम झाल्या.

आता त्याही दोन दहाला डबा उघडतात. जेवताना काचेपलीकडे बघतात, तर बंद खिडकीसमोर तुम्ही व्यवस्थेला शिव्या घालत उभे असता. तुम्ही नेमके दोन वाजताच का आलात, हे बाई कुणाला सांगणार नाहीत.