दर रविवारी सुरू होणारी गाडी

"अहो, ती गाडी चालते तरी का?" एवढंच बाईसाहेबांनी विचारलं होतं. "नाही" म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. पण आभारसाहेबांनी बिस्किट चहात बुडवता बुडवता ठरवलं, की उत्तर जरा ऐटीत द्यावं.

"चालते म्हणजे? दर रविवारी सुरू करतो की मी! तासभर इंजिन गरम करतो. घोड्यासारखी आहे गाडी."

"बरं झालं. मग आज मलाही दाखवा सुरू करून. संध्याकाळी भंगारवाल्याला बोलावलंय. सुरू झाली तर राहील, नाहीतर जाईल त्याच्या टेम्पोत. अंगण अडवून बसलीय नुसती."

बिस्किट तुटून चहाच्या तळाशी गेलं.

आता हे आभारसाहेब म्हणजे कोण, ते सांगायला हवं. जन्मभर ते एका कचेरीत हेडक्लार्क होते. तिथे निरोपसमारंभ असो की नव्या पंख्याचं उद्घाटन, शेवटी आभार मानायला तेच उभे राहत, म्हणून हे नाव पडलं. (स्वतःच्या निरोपसमारंभातही आभार त्यांनीच मानले. लोक निघून गेल्यावर खुर्च्या उचलणाऱ्यांचेही मानले.) निवृत्त होऊन घरी आले आणि मग त्यांना कळलं, की कचेरीत आपली एक खुर्ची होती, घरात एकही नाही. खिडकीजवळची खुर्ची बाईसाहेबांच्या शिवणाची. टीव्हीसमोरची इस्त्रीच्या कपड्यांची. जेवणाच्या टेबलाशी टेकावं, तर "आत्ता कसली भूक लागली?" कुठेही बसले तरी दोन मिनिटांत "जरा उठा बघू" ऐकू येई.

अशाच एका रविवारी ते खरोखरच गाडी सुरू करायला म्हणून अंगणात गेले. काचा वर केल्या, रेडिओ लावला, खिशातले शेंगदाणे काढले आणि त्यांच्या लक्षात आलं, की इथून आपल्याला कुणी उठवत नाही. तेव्हापासून दर रविवारी हाच कार्यक्रम. शेंगदाणे, गाणी आणि मग डुलकी. इंजिन सुरू करायचं तेवढं राहून जाई. उतरताना मात्र ते बॉनेटवर थोपटून गाडीला "थँक्यू" म्हणत. त्या जुन्या सीटने त्यांना जगात बसायला जागा दिली होती, आणि त्याबद्दल त्यांना मनापासून कृतज्ञ वाटे. ती सीट आज भंगारात जाणार होती.

आभारसाहेबांनी किल्ली फिरवली. गाडीने ब्रही काढला नाही. दिवा नाही, हॉर्न नाही. (रेडिओ तर कित्येक महिन्यांपूर्वीच गप्प झाला होता. पण ते स्टेशनच बंद पडलं असावं, असा साहेबांचा प्रामाणिक समज होता. त्यांनी घरातला ट्रान्झिस्टर आणून काम भागवलं होतं.)

एवढ्यात शेजारचे पीटीमास्तर कुंपणावरून डोकावले. शाळेतून निवृत्त झाले तरी गळ्यातली शिट्टी काही सुटली नव्हती.

"व्यायाम नाही हो गाडीला!" त्यांनी निदान केलं. "ढकला! दुसऱ्या गिअरला टाका!"

मास्तरांनी शिट्टी वाजवली. आभारसाहेबांनी ढकललं. मग लक्षात आलं, की आत कुणीच नाही. मग मास्तर आत बसले, शिट्टी आतून वाजू लागली आणि साहेब एकटेच ढकलू लागले. फाटकाशी पोचल्यावर गाडी एकदा खोकली, धूर सोडला आणि थांबली. साहेबांची कंबर मात्र वाकली ती सरळ होईना.

"पाहिलंत? जीव आहे तिच्यात!" मास्तर म्हणाले.

"आभारी आहे," साहेब वाकूनच म्हणाले. (खरोखरच होते. एका खोकल्यानेसुद्धा त्यांना धीर आला होता.)

शेवटी कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. हा गडी हाताने कमी आणि तोंडाने जास्त काम करणारा. त्याने आधी गाडीभोवती फेरी मारली आणि बातमी फुटावी तशा आवाजात जाहीर केलं, "बॅटरी मेलीय!" मग स्वतःची बॅटरी जोडून किल्ली फिरवली. इंजिन गुरगुरलं, खोकलं, बंद पडलं. पुन्हा तेच.

"साहेब, दर रविवारी सुरू करता म्हणालात ना?"

"म्हणजे... बसतो मी तिच्यात. नियमाने."

"बसता?"

"बसूनच सुरू करावी लागते ना," साहेब घाईने म्हणाले.

मेकॅनिकने टाकीचं झाकण काढून हुंगलं. "पेट्रोल शिळं झालंय." प्लग काढून पाहिले. "हे बरे आहेत. पण ही वायर कुणीतरी चावलीय." मग एअर फिल्टरचा डबा उघडला आणि तो चक्क खदखदून हसायला लागला. आत शेंगदाण्यांची टरफलं भरली होती. त्यांखाली कापूस, आणि कापसात उंदरांनी मन लावून केलेलं घर.

"इंजिनला श्वासच घेता येईना! साहेब, उंदरांना रेशन कोण पुरवत होतं?"

नेमक्या त्याच वेळी बाईसाहेब सगळ्यांसाठी चहा घेऊन आल्या. मेकॅनिकने कापूस ओढला, त्याच्याबरोबर पिवळ्या दोऱ्याने भरतकाम केलेलं एक फाटकं फडकं बाहेर आलं. त्यावर एक चोच होती आणि एक डोळा.

बाईसाहेबांनी ट्रे खाली ठेवून ते फडकं उचललं. "हे माझं बदक! माझी सोफ्यावरची उशी!"

"डोक्याखाली घ्यायला..." साहेब पुटपुटले.

"वन्सं येऊन गेल्या आणि उशी दिसेनाशी झाली. वर्षभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही या बदकापायी! आणि तुम्ही समोर बसून मान डोलवत होतात?"

"अगं, मी मनातल्या मनात ताईचे आभार मानत होतो."

पीटीमास्तरांनी शिट्टी गळ्यातून काढून खिशात ठेवली आणि ते हळूच कुंपणापलीकडे गेले. बाईसाहेबांनी एकेक प्रश्न विचारायला घेतला. काचा, शेंगदाणे, ट्रान्झिस्टर, डुलकी, सगळं बाहेर आलं. उद्या सकाळी आधी वन्संना फोन करायचा आणि तो साहेबांनी करायचा, असंही ठरलं.

"वायर मिळेल का आज?" साहेबांनी मेकॅनिकला काकुळतीने विचारलं.

"दुकान बंद आहे. उद्या."

आणि फाटकाशी भंगारवाल्याचा टेम्पो येऊन उभा राहिला.

भंगारवाल्याने गाडीला दोरखंड बांधायला घेतला. आभारसाहेबांना वाटलं, निदान निरोपाचे दोन शब्द बोलावेत. ते बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले, पण जन्मात पहिल्यांदा त्यांना आभार मानता येईनात.

बाईसाहेब त्यांच्याकडे बघत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "ही गेली तर रविवारी कुठे बसाल?"

"कुठे बसणार? घरातच," साहेब डोळे पुसत म्हणाले. "तुझ्याजवळ. चार गोष्टी बोलू. शिवणात मदत करीन. डबे लावून देईन स्वयंपाकघरातले, माझ्या पद्धतीने."

बाईसाहेब एकदम सरळ उभ्या राहिल्या. "दोरी सोडा हो," त्यांनी भंगारवाल्याला सांगितलं. "गाडी द्यायची नाही."

आभारसाहेबांना भरून आलं. इतकी वर्षं संसार केला, पण आपलं मन या बाईला इतकं कळतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी नुसते हात जोडले.

"वहिनी, मग उद्या वायर टाकू ना?" मेकॅनिकने विचारलं.

"वायरची घाई नाही," बाईसाहेब म्हणाल्या. "आधी सीट मऊ करून द्या. शनिवारीही बसतील."