कॉटनक्रीकची कन्या

अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, म्हणजे चार जुलैच्या मिरवणुकीसाठी 'आपलं गाव, १९४९' ही पुस्तिका काढायचं काम ऑर्विल टान्सलीने स्वतःहून अंगावर घेतलं. त्या सालातल्या ठळक घटना आणि जन्म, एवढाच मजकूर. आमच्या कॉटनक्रीकमध्ये पाण्याची टाकी रंगवली तरी ती ठळक घटना ठरते, त्यामुळे काम सोपं होतं. शिवाय त्या साली गावात जन्मलेल्यांपैकी ऑर्विल एकटाच उरलेला, म्हणजे उघड्या लाल मोटारीत मिरवायचा मान त्याचाच. पंधरा दिवस तो आरशासमोर हात हलवायचा सराव करत होता.

वाचनालय सांभाळणाऱ्या हेट्टीने विचारलं, "माझ्या बाबांचा त्या सालचा दोनशे पौंडांचा भोपळा घातलास ना?"

"पेपरात आलाय?"

"अरे, अख्ख्या गावाने पाहिलाय!"

"पेपरात नाही, म्हणजे घडलंच नाही. नियम म्हणजे नियम."

हेट्टी गावच्या साप्ताहिकाचे जुने गठ्ठे काढून चाळू लागली. दोन दिवसांनी मिरवणूक समितीच्या बैठकीत, ॲपल-पाय वाटून खाऊन झाल्यावर, तिने एक अंक उघडला.

"'टान्सली दांपत्यास कन्यारत्न. वजन आठ पौंड.' तारीख तुझीच आहे, ऑर्विल."

"छापणाऱ्याची चूक आहे ती!"

"पेपरात आलंय. नियम म्हणजे नियम."

समितीने हसत हसत मिरवणुकीत खांद्यावरून घालायचा पट्टा शिवायला टाकला, त्यावर अक्षरं 'कॉटनक्रीकची कन्या'. ऑर्विल तडक वाचनालयात गेला आणि पुढच्या आठवड्याचा अंक शोधू लागला. दुरुस्ती सापडली. त्याचा चेहरा खुलला आणि लगेच पडला. हेट्टीने अंक ओढून घेऊन मोठ्याने वाचलं.

"'टान्सलींना कन्या नव्हे, पुत्र झाला असून, जन्म येथे नव्हे, मार्लोच्या इस्पितळात झाला.'"

मार्लो! बेसबॉलमध्ये आम्हाला दरवर्षी धूळ चारणारं गाव. आम्ही तिथे केस कापायलासुद्धा जात नाही.

"म्हणजे मोटार गेली माझी," ऑर्विल पुटपुटला.

"मार्लोवाल्याला कशी मिळेल? दाखवू हे समितीला?"

ऑर्विलने बराच वेळ चष्मा पुसला. "मुलगी तर मुलगी, पण मी इथलीच," तो म्हणाला. "हेट्टी, तो भोपळा किती पौंडांचा म्हणालीस?"

चार जुलैला पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर भोपळा होता, आणि आता तो तीनशे पौंडांचा झाला होता. मागून लाल मोटार आली. पट्टा घालून ऑर्विल सरावाप्रमाणे हात हलवत होता.

"ए पोरी, जरा हस की!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

ऑर्विल चक्क लाजला.