न हलणारं घर

"आणि पुढची भिंत?" बायकोने विचारलं.

जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचं एक टुमदार घर उभं होतं. उतरतं छप्पर, त्यावर काळ्या कागदाचं इवलंसं सोलर पॅनेल, मागच्या बाजूला पाण्याची टाकी म्हणून औषधाच्या बाटलीचं झाकण, आत काडेपेट्यांचे पलंग. भिंती तीन होत्या. चौथीच्या जागी काहीच नव्हतं.

"पुढची भिंत?" सेटवाले गोंधळले. "पुढून तर बघायचं ना!"

"कोणी बघायचं?"

उभं आयुष्य सेटवाल्यांनी नाटकांचे सेट बांधण्यात घालवलं होतं, आणि त्यामुळे सगळे त्यांना सेटवालेच म्हणत. त्यांनी बंगले बांधले होते, राजवाडे बांधले होते, दोन पोलीस चौक्या आणि एक हॉस्पिटलही बांधलं होतं. पण चौथी भिंत बांधायचा प्रसंग कधी आला नव्हता. त्यांनी मुकाट्याने पुठ्ठ्याचा तुकडा कापून पुढे चिकटवला. मग आतलं काहीच दिसेना, म्हणून हळहळत बसले.

घराची कल्पना मुलीची होती. शहरापासून दूर, टेकडीच्या उतारावर त्यांनी जमिनीचा एक तुकडा घेतला होता. तिथे वीज नव्हती, नळ नव्हता, फोनला रेंज नव्हती, आणि म्हणूनच तो त्यांना परवडला होता. "बाबा, यालाच ऑफ-ग्रिड म्हणतात," मुलगी म्हणाली होती. जिथे काहीच नाही त्यालाही असं भारदस्त नाव असतं हे कळल्यावर सेटवाल्यांना ती जमीन एकदम आवडायला लागली. महिन्यातून एकदा तिघांनी तिथे जायचं, दोन दिवस राहायचं, असं ठरलं.

"मला ते ऑफ का काय ते कळत नाही," बायको म्हणाली. "मला फक्त पक्कं घर हवंय."

तिचं म्हणणं उगाच नव्हतं. तिच्या संसारातली कुठलीही वस्तू कधीही उठून नाटकात जायची. एकदा पाहुणे दारात उभे होते आणि सोफा तीन अंकी कौटुंबिक नाटकात गेलेला होता. एकदा आपल्याच खोलीचे पडदे तिला पहिल्या रांगेत बसून बघावे लागले, आणि शेजारची बाई तिच्या कानात म्हणाली, "काय बाई निवड आहे पडद्यांची!" बदल्यात नाटकातून घरी यायचं ते सामान दिसायला राजेशाही असे, पण कपाटाला पाठ नसे आणि त्यातली पुस्तकं रंगवलेली असत. दिवाणखान्यातल्या घड्याळात कायम सव्वादहा वाजलेले होते, कारण मूळ नाटकात खून सव्वादहाला व्हायचा.

"मी एक बरणी ठेवली, तर पुढच्या महिन्यात ती तिथेच सापडली पाहिजे," ती म्हणाली. "बरणीखालची फळी पण. आणि फळीमागची भिंत पण. एवढंच मागतेय."

"हे घर हलणार नाही. शब्द देतो."

"नाटकातला की खरा?"

"खरा," सेटवाले म्हणाले, आणि त्या क्षणी ते अगदी खरं बोलत होते.

पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. थिएटरच्या मागच्या शेडमध्ये त्यांनी आणि पडदेवाल्याने भिंती तयार करायला घेतल्या. पडदेवाला म्हणजे नाटकाचा पडदा ओढणारा त्यांचा जुना सोबती. सेटवाल्यांना खिळा पूर्ण ठोकताच येत नसे. डोकं थोडं बाहेर ठेवायचं, म्हणजे प्रयोग संपल्यावर उपटायला बरं, हे त्यांच्या हाताला इतकं ठाऊक होतं की डोक्याचं काही चालत नव्हतं. शेवटी त्यांनी नेहमीचाच मार्ग धरला. प्रत्येक भिंतीच्या कडेला बिजागऱ्या, आणि बिजागऱ्यांत सुट्या पिना. पिन खाली सोडली की दोन भिंती एकमेकींना घट्ट धरतात, वर ओढली की सुटतात.

"टेम्पोतून न्यायला सोपं पडेल," ते पडदेवाल्याला म्हणाले. "तिथे नेऊन उभं केलं की मग खिळेच खिळे मारू."

टेकडीवर नेऊन उभं केलं तर घर इतकं छान उभं राहिलं की खिळे मारायचं राहूनच गेलं. पिना दिसू नयेत म्हणून त्यांनी सांध्यांवर लाकडी पट्ट्या बसवल्या.

"वहिनींना सांगितलंत?" पडदेवाल्याने विचारलं.

"योग्य वेळ आली की सांगू."

तशी एक चूक राहिलीच होती. दाराची कडी उजव्या बाजूला हवी होती, ती डाव्या बाजूला लागली. सेटवाल्यांचं डावं-उजवं नेहमीच उलटं. विंगेत उभं राहून प्रेक्षकांकडे तोंड करायची सवय. त्यामुळे त्यांचं उजवं ते सगळ्या जगाचं डावं. रिक्षात बसले की ते बोलत नसत, नुसता हात दाखवत.

पहिल्या मुक्कामाला तिघं गेली ती मोठ्या थाटात. सोबत पडदेवालाही होता. बायकोने घराभोवती एक फेरी मारली, चारी भिंतींवर टकटक करून पाहिलं, दार मुद्दाम धाडकन आपटलं. काही हललं नाही. तिने पिशवीतून काचेची बरणी काढली, फळीवर ठेवली, दोन पावलं मागे जाऊन तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता ही इथेच." तिचे डोळे भरून आले होते. सेटवाल्यांनी घाईघाईने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

बाहेर एक गृहस्थ उभे होते. गळ्यात शिट्टी, ताठ मान, आणि चेहऱ्यावर गाडी चुकलेल्या माणसाचा नव्हे, तर गाडी अडवलेल्या माणसाचा भाव. पायवाटेने, उताराच्या तळाशी असलेल्या पाण्याच्या टाकीकडून चढून आले होते.

"हे कोणाचं घर?" त्यांनी विचारलं.

"आमचं," बायको दारात येऊन म्हणाली. "पक्कं आहे."

"असेल. पण ते माझ्या जागेत आहे. माझा प्लॉट चार नंबर. तुमचा कुठला?"

"तीन."

"मग झालं तर!" गृहस्थांनी टाकीच्या बाजूच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं. "तीन नंबर तो तिकडे. मी मोजत आलोय. जन्मभर मालगाडीवर गार्ड होतो मी. मोजण्यात माझी चूक होत नाही. उद्या सकाळी कुंपणवाले येणार आहेत."

वरच्या फाटकापासून खालच्या टाकीपर्यंत सहा प्लॉट ओळीने होते, आणि नंबरांचे दगड अजून बसायचे होते. कागद शहरातल्या घरी, त्या पाठ नसलेल्या कपाटात. विकणाऱ्याला फोन लावावा तर रेंज नाही. आणि रेंज नाही याचं तर तिघांना आत्तापर्यंत कौतुक होतं.

"मी नीट मोजलं होतं," सेटवाले चाचरत म्हणाले. "फाटकातून आत आलं की डाव्या हाताला..."

"डाव्या?" बायको आणि मुलगी एकदमच म्हणाल्या.

"म्हणजे उजव्या... म्हणजे त्या बाजूला."

संपलं. चूक सेटवाल्यांची आहे म्हटल्यावर खात्री करून घ्यायची गरज कोणालाच वाटली नाही. खुद्द सेटवाल्यांनाही नाही. बायको पायरीवर मटकन बसली. बरणी तिने आतून आणून मांडीवर घेतली होती.

"एकच गोष्ट मागितली होती मी," ती म्हणाली. "एवढं पक्कं बांधलंत, आता तोडायचं! फळ्या फुटतील, पॅनेल फुटेल. काही हातात राहणार नाही."

गप्प बसावं तर घर जातंय, बोलावं तर शब्द जातोय. इकडे आड तिकडे विहीर. सेटवाल्यांनी पडदेवाल्याकडे पाहिलं. पडदेवाल्याने आभाळाकडे पाहिलं.

"तोडायला नको," शेवटी सेटवाले म्हणाले. "हलवता येईल."

"घर? हलवता?"

"मध्यंतराएवढं काम आहे."

त्यांनी एक लाकडी पट्टी काढली, बोटाएवढी पिन वर ओढली आणि भिंतीची कड अलगद सुटी झाली. गार्ड "वा!" म्हणाले. मुलगी टाळी वाजवणार होती, पण आईचं तोंड पाहून तिने हात खिशात घातले. बायकोने भिंतीच्या त्या फटीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग मांडीवरच्या बरणीकडे.

पुढचा देखावा बघण्यासारखा होता. पॅनेल उतरलं, छप्पर दोन तुकड्यांत खाली आलं, भिंती एकामागून एक चालू लागल्या. गार्ड एवढे रंगात आले की रुमाल काढून हिरव्या झेंड्यासारखा हलवायला लागले. प्रत्येक भिंत निघाली की शिट्टी.

"वहिनी, पुढचा अंक!" पडदेवाला उत्साहाने ओरडला.

"हे नाटक नाही," बायको म्हणाली. "घर आहे. होतं."

ऊन कलायच्या आत घर शेजारच्या प्लॉटवर जसंच्या तसं उभं राहिलं. गार्डांनी सेटवाल्यांचा हात दाबून दाबून हलवला. आयुष्यात टाळ्यांची इतकी हक्काची वेळ सेटवाल्यांवर आली नव्हती, आणि इतकं ओशाळवाणंही त्यांना कधी वाटलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर बरणी बायकोच्या मांडीवरच होती.

"घर वाचलं, बरं झालं," ती म्हणाली. "रागावले नाहीये मी. वाईट वाटलं. मी भिंतीवर टकटक करत होते तेव्हा तुम्ही बघत होतात ना?"

राग आला असता तर सेटवाल्यांनी सहन केला असता. हे त्यांना सोसेना.

त्याच आठवड्यात ते पडदेवाल्याला घेऊन टेकडीवर गेले. घराच्या चारी कोपऱ्यांना खांब लावले, त्यांच्या पायाशी खोल खड्डे खणले. एकेक पिन काढली, तिच्या जागी लांबलचक बोल्ट आवळले. मग खिळे. पहिला खिळा त्यांनी डोक्यापर्यंत ठोकला तेव्हा त्यांचा हात अडखळला. पण दुसऱ्याला नाही. खड्ड्यांत काँक्रीट ओतलं आणि डबाभर पिना मुठीमुठीने त्यातच टाकल्या.

"जपून ठेवल्या असत्या," पडदेवाला कळवळून म्हणाला. "न जाणो, लागल्या तर?"

"लागणार नाहीत," सेटवाले म्हणाले.

पुढच्या मुक्कामाला बायकोने टकटक केली नाही. तिने सरळ भिंतीला खांदा लावला आणि जोर लावला. मग मुलीला बोलावलं. दोघींनी मिळून रेटा दिला. भिंत ढिम्म हलली नाही. सेटवाल्यांनी एक पट्टी काढून आतले बोल्ट दाखवले, पायाचं काँक्रीट दाखवलं, पिना कुठे आहेत तेही सांगितलं. बायकोने त्या काँक्रीटवर पाय आपटून पाहिला. मग आत गेली आणि फळीवर बरणी ठेवल्याचा आवाज आला. त्या आवाजाने सेटवाल्यांचा जीव भांड्यात पडला.

एवढ्यात फाटकाकडून गार्ड येताना दिसले. आज मान ताठ नव्हती. शिट्टी खिशात होती.

"जरा गडबड झालीय," ते अंगणात उभे राहून म्हणाले. "परवा जमीन विकणारा भेटला. नंबर फाटकाकडून मोजायचे, म्हणे. मी मोजले टाकीकडून."

"का?" बायकोने दारातून विचारलं.

"सवय!" गार्ड अजीजीने म्हणाले. "सबंध नोकरी शेवटच्या डब्यात काढली हो. इंजिन पुढे कुठेतरी असतं, एवढंच ऐकून माहीत. डबे मोजायचे ते मागून. आमच्या घरी पंगतीची पानंसुद्धा मी मागूनच मोजतो."

सेटवाल्यांनी बोटांवर हिशेब केला. फाटकाकडून तीन, म्हणजे घर आधी उभं होतं ती जागा. म्हणजे पहिल्यांदा त्यांचं बरोबर होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी बाजू बरोबर धरली होती, आणि ती त्यांनी स्वतःच्या हाताने उचलून दुसऱ्याच्या जागेत नेऊन ठेवली होती.

"म्हणजे आता आमचं घर तुमच्या जागेत आहे?" मुलीने विचारलं.

"आणि माझं कुंपण तुमच्या. पण काळजी करू नका," गार्ड एकदम खुलले. त्यांनी खिशातून शिट्टी काढली. "मध्यंतराएवढंच तर काम आहे! काढा त्या पिना."

सेटवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. बायको संथपणे पायरी उतरून आली आणि तिने भिंतीवर हात ठेवला.

"घर हलणार नाही," ती म्हणाली.

"अहो, पण त्या दिवशी तर..."

"त्या दिवशी तो सेट होता. आता घर आहे. लावा खांदा, बघा."

गार्डांनी खांदा लावून पाहिला. मग दोन्ही हात लावले. मग थोडं मागे जाऊन धावत आले. घराने दाद दिली नाही. आतली बरणीसुद्धा वाजली नाही. ते कपाळ पुसत पायरीवर बसले. बायकोने त्यांना पाणी आणून दिलं.

"जागा सारख्याच आहेत. आम्ही इथेच राहतो, तुम्ही तिथे राहा. कुंपण तुम्ही घातलंच आहे," ती म्हणाली. "कागदावरचे आकडे तेवढे बदलून घेऊ. आकडे हलवायला सोपे असतात."

गार्डांनी दोन्ही जागांकडे आळीपाळीने पाहिलं. एकदा फाटकाकडून मोजलं, एकदा टाकीकडून, आणि मग मान डोलावली. पाणी संपवून त्यांनी घराकडे वर-खाली नजर फिरवली.

"छान बांधलंय मात्र," ते म्हणाले. "मलाही असंच एक हवंय. बांधून द्याल का, साहेब?"

सेटवाल्यांची छाती फुगली. ते तोंड उघडणार, तेवढ्यात बायकोच बोलली.

"देतील की. हौसेने देतील." मग तिने मान वळवून नवऱ्याला बजावलं, "पण अहो, यांचं पिनांवर बांधा हं. परत मोजायला लागले तर?"