साठ वॅटचं अपील

वीज तयार करायला नदी, कोळसा किंवा वारा पुरतो. ती नाकारायला मात्र माणूस लागतो, आणि तोही अनुभवी. हे काम कोणालाही जमेल असा लोकांचा समज आहे. प्रत्यक्षात नाकारणाऱ्याला अर्ज पूर्ण वाचावा लागतो, चष्मा पुसावा लागतो, अर्जदार समोर उभा आहे हे बराच वेळ दिसू द्यायचं नसतं, आणि त्याच्या मनात आशा नीट रुजली की मगच एक जोडपत्र कमी असल्याचं सांगावं लागतं. घाई केली तर नुसता नकार होतो. त्याला कामकाज म्हणत नाहीत.

वीज खात्याच्या भारमंजुरी शाखेत हे कामकाज चौतीस वर्षं चोख सांभाळणारे साहेब गेल्या वर्षी निवृत्त झाले. (निरोपाच्या भाषणात ध्वनिक्षेपक बंद पडला. त्याला मंजुरी नव्हती.)

निवृत्तीनंतर साहेब सुकत चालले. घरात वीज होती आणि ती कोणीही, कोणालाही न विचारता, बटण दाबून वापरत होतं. बायकोने मिक्सर लावला की साहेब स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जात, थोडा वेळ उभे राहत आणि परत येऊन खुर्चीत बसत. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली आणि काही दोष नाही असं सांगितलं. दोष असता तर निदान त्यावर शेरा मारता आला असता, असं साहेबांना वाटून गेलं.

बायकोने सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली होती. रोज तेच अकरा किलोमीटर जायचं आणि शाळेच्या फाटकातून वळायचं. तो रस्ता फाटकाच्या पुढेही जातो, हे तिला सव्वीस वर्षं समोरच्या काचेतून दिसत होतं. पुढे कुठेतरी मोठं तळं आहे, असं मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकात होतं. तिने एक जुनी कॅराव्हॅन घेतली. आत दोन बाकं, वर निजायची फळी, गॅसची शेगडी, घडीचं टेबल आणि एका बाकाखाली इन्व्हर्टर. विक्रेत्याने सगळं समजावून सांगितलं. दिवे, पंखा आणि पाण्याचा पंप गाडीच्या बॅटरीवर चालतात, फोन ड्रायव्हरच्या पुढ्यात चार्ज होतात, आणि भिंतीवर जे तीन सॉकेट आहेत त्यांना घरच्यासारखी वीज दुसऱ्या, वेगळ्या बॅटरीवरून इन्व्हर्टरमधून मिळते.

"फक्त ती मर्यादित असते हां," तो सहज म्हणाला. "जपून वापरा."

मर्यादित हा शब्द ऐकला आणि साहेबांच्या चेहऱ्यावर वर्षभरानंतर तेज दिसलं. त्यापुढे विक्रेता जे काही बोलला ते त्यांनी ऐकलं नाही. ते मनात रकाने आखत होते.

प्रवासाला तिघं निघाली. तिसऱ्या म्हणजे सासूबाई, वय एक्याऐंशी. त्या कोर्टात कारकून म्हणून लागल्या आणि मुख्य कारकून होऊन बाहेर पडल्या. अडतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही कागद चुकीच्या क्रमाने पुढे गेला नव्हता. (दोन न्यायाधीश गेले होते, पण ते बदलीवर.) त्यांचा डावा गुडघा दुखे, म्हणून त्यांनी विजेवर तापणारा शेकाचा पट्टा सोबत घेतला होता. पट्ट्याच्या पाठीवर लिहिलं होतं, साठ वॅट.

गाडी गल्लीच्या टोकाला पोहोचण्याआधी साहेबांनी तिन्ही सॉकेटवर कागदी पट्ट्या चिकटवून सही केली आणि कपाटाच्या दारावर नियमावली लावली. नियम एकूण एकोणीस होते. पहिला असा की, गाडीतील वीज ही सर्वांची आहे, त्यामुळे ती कोणा एकास देता येणार नाही. सहावा, तातडीच्या अर्जाचा विचार तातडी संपल्यावर करण्यात येईल, जेणेकरून तो शांत चित्ताने करता यावा. अकराव्यानुसार अर्जासोबत उपकरणाच्या पाठीवरील मजकुराची प्रत जोडायची होती, आणि प्रत काढण्याचं यंत्र विजेवर चालत असल्यास त्यासाठी स्वतंत्र अर्ज करायचा होता. साहेबांनी स्वतःलाही सूट दिली नाही. विजेचा वस्तरा बाजूला ठेवून ते साध्या पात्याने दाढी करू लागले आणि वळणावर दोनदा कापून घेतलं. अशी माणसं आता राहिली नाहीत, असं त्यांना आरशात पाहताना वाटलं.

पहिल्या पाच दिवसांचा अहवाल समाधानकारक होता. आलेले अर्ज नऊ. नामंजूर चार, त्रुटीसाठी परत तीन, विचाराधीन एक, खिडकीतून उडून गेलेला एक. (तो निकाली काढण्यात आला.) बॅटरीची पातळी रोज सकाळी शंभर टक्के. साहेब ती पाहून वहीत लिहीत आणि खाली रेघ ओढत. एका मुक्कामी शेजारच्या गाडीतलं जोडपं विजेच्या किटलीत चहा करून, वर टोस्टर लावून, दुपारपर्यंत बॅटरीच्या निम्म्यावर आलेलं त्यांनी पाहिलं. त्यांना फार वाईट वाटलं. लोकांना मार्गदर्शन मिळत नाही, एवढंच ते बायकोला म्हणाले.

त्या नऊपैकी सहा अर्ज एकट्या सासूबाईंचे होते. पहिला तोंडी, म्हणून नामंजूर. दुसरा लेखी, पण गुडघा डावा की उजवा याचा उल्लेख नाही. तिसऱ्यात डावा लिहिलं, तेव्हा तो गुडघा अर्जदाराचाच असल्याचा पुरावा नव्हता. सहावा परत आला त्या सकाळी सासूबाईंनी चष्म्यावरून जावयाकडे पाहिलं, वेणी घातली, चांगली साडी नेसली आणि घडीच्या टेबलासमोर बसून अपील लिहायला घेतलं.

अपील कोणापुढे चालवायचं, हा पेच पडला. नियमाप्रमाणे ते वरिष्ठापुढे चालायला हवं. गाडीत साहेबांहून वरिष्ठ एकच व्यक्ती होती, ती म्हणजे अपील करणारी. स्वतःच्या प्रकरणात स्वतः निकाल देणं बरं दिसत नाही, असं सासूबाईंनीच सांगितलं. (अडतीस वर्षांची शिस्त अशी जात नाही.) उरली बायको. ती म्हणाली, मी गाडी चालवतेय. त्यावर दोन्ही पक्षांचं प्रथमच एकमत झालं. सुनावणी गाडी उभी असतानाच घ्यावी, आणि सुनावणी संपेपर्यंत गाडी उभी ठेवावी.

गाडी उभी राहिली ती मोठ्या तळ्याच्या काठावर. सहाव्या दिवशी दुपारी शेवटचं वळण संपलं आणि समोर पाणीच पाणी. बायकोने इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून तशीच बसून राहिली. मग मागे वळून हाक मारली. साहेबांनी मान वर केली नाही. ते कैफियत लिहीत होते. सासूबाईंनी हाताने थांब अशी खूण केली, कारण त्या कैफियतीतले खोडण्याजोगे मुद्दे आधीच टिपून ठेवत होत्या. बायको चपला हातात घेऊन एकटीच खाली उतरली. परत आली तेव्हा तिच्या साडीचा काठ ओला होता. तळं कसं आहे, हे कोणी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. शेगडी पेटवून तिने पाणी तापत ठेवलं आणि खिडकीपाशी उभी राहिली.

पुढचे चार दिवस कामकाज रंगलं. साहेब इस्त्रीचा शर्ट घालून बसत. (इस्त्री हजार वॅटची. शर्ट रात्री गादीखाली ठेवत.) सासूबाईंनी स्थगिती मागितली, प्रतिज्ञापत्र दिलं, गुडघ्याची पाहणी करवली. "जावईबापू, तारीख द्या," त्या म्हणत. "परवाची देतो, आई," साहेब म्हणत, आणि दोघंही आपापल्या वहीत लिहून घेत. सासूबाईंचं जेवण वाढलं. साहेबांना गाढ झोप लागू लागली. साठ वॅट दिले तर उद्या सत्तर मागतील आणि परवा मिक्सर येईल, असा युक्तिवाद साहेबांनी सलग दीड तास केला. इतकं बोलायला त्यांना नोकरीत कधी मिळालं नव्हतं, कारण तिथे समोरचे लोक निघून जायचे.

दहाव्या दिवशी सकाळी बायकोने बिस्किटाच्या पुड्याच्या मागे निकाल लिहून वाचून दाखवला. साठ वॅट, वीस मिनिटं, डावा गुडघा. साहेबांनी निकालाची प्रमाणित प्रत मागितली. बायकोने पुडाच हातात दिला.

साहेब हरले होते, पण रीतसर हरले होते, त्यामुळे त्यांना फारसं लागलं नाही. त्यांनी पट्टीवरची सही तपासली, ब्लेडने पट्टी कापली, वेळ लिहिली आणि सासूबाईंच्या गुडघ्यावर पट्टा बांधून पिन सॉकेटमध्ये घातली. सासूबाई डोळे मिटून बसल्या. दोन मिनिटं गेली. त्या म्हणाल्या, काही गरम लागत नाही. साहेबांनी नव्या जोडणीला वेळ लागतो असं सांगितलं. पाच मिनिटं गेली. पट्टा थंडगार. साहेबांनी दुसऱ्या सॉकेटची पट्टी कापली, मग तिसऱ्याची, आणि ही त्यांच्या आयुष्यातली पहिलीच विनाअर्ज कारवाई होती.

बायकोने त्या दोघांना बाकावरून उठवलं आणि फळी उचलली. खाली इन्व्हर्टर होता. त्याच्या दोन जाड वायरी गुंडाळी करून बाजूला ठेवलेल्या होत्या आणि त्यांना लाल दोऱ्याने चिठ्ठी बांधली होती. वापरण्याआधी दोन्ही वायरी बॅटरीला जोडाव्यात.

 हिशोब सरळ होता. दहा दिवसांत एकही अर्ज मंजूर झाला नाही, म्हणून कोणी काही लावलं नाही. कोणी काही लावलं नाही, म्हणून वीज नाही हे कोणाला कळलं नाही. बॅटरी शंभर टक्के राहिली, कारण तिच्याकडे कोणी काही मागितलंच नव्हतं. साहेबांच्या मनात पहिला विचार आला तो असा की, या काळात वीज गेल्याची एकही तक्रार नाही, आणि असा विक्रम खात्याला कधी जमला नव्हता. दुसरा विचार आला तेव्हा ते गाडीच्या पायरीवर जाऊन बसले. चौतीस वर्षांत त्यांनी काही फायली मंजूरही केल्या होत्या. त्यांच्या दुसऱ्या टोकाला वायर जोडली गेली का, हे पाहायला ते कधी गेले नव्हते.

बऱ्याच वेळाने ते आत आले. "आई, दहा दिवस तुमचा गुडघा नुसताच दुखला," ते म्हणाले. एवढं वाक्य बोलायला त्यांना फार कष्ट पडले.

"नुसता कशाला दुखेल?" सासूबाई म्हणाल्या. "ही सकाळ-संध्याकाळ पाणी तापवून पिशवी भरून देत होती की."

"मग अपील?"

"शेकासाठी कोण अपील करतं, जावईबापू? हुकमासाठी केलं."

बायकोने पान्याने दोन्ही वायरी जोडल्या. चार मिनिटं लागली. तिन्ही सॉकेट जिवंत झाले आणि त्यानंतरचे दोन दिवस गाडीत ज्याला हवी तेवढी वीज होती. पट्टा तापला, बायकोने घरून आणलेला मिक्सर फिरला, साहेबांची दाढी गुळगुळीत झाली. बॅटरी एकसष्टवर आली आणि साहेबांनी ते वहीत लिहिलं नाही. सासूबाईंनी वेणी घातली नाही. त्यांना दुपारी बसल्या बसल्या डुलकी लागू लागली, आणि साहेब खिडकीबाहेर पाहत असले तरी त्यांना काही दिसत नव्हतं. बायकोने ड्रायव्हरच्या आरशातून दोघांकडे पाहिलं. चेंडू जप्त केल्यावर मागच्या बाकांवरची मुलं जशी बसत, तशी दोघं बसली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतः कागदाच्या पट्ट्या कापल्या, खळ लावली आणि तिन्ही सॉकेट बंद केले. मग अपील अधिकारी या नात्याने तोंडी आदेश काढला. यापुढे सगळ्या सुनावण्या बाहेर, पाण्याच्या काठी, आणि कामकाज सुरू होण्याआधी दोन्ही पक्षांनी अर्धा तास गप्प बसायचं.

"अर्धा तास करायचं काय?" साहेबांनी विचारलं.

"समोर बघायचं," ती म्हणाली.

तिघं काठावर जाऊन बसली. पंधरा-वीस मिनिटं झाल्यावर साहेब म्हणाले, एवढं निळं असतं होय. सासूबाईंनी त्यांना कामकाज सुरू झालेलं नसल्याची आठवण करून दिली. अर्धा तास पुरा होताच त्यांनी पदराआडून नवा अर्ज काढला. भर उन्हात टेबलदिवा, पाच वॅट. साहेबांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.

ही हकिगत वाचताना तुम्हाला ओळखीतले दोन-तीन चेहरे आठवले असतील आणि हसूही आलं असेल. या विषयावर झालेल्या एका पाहणीत शंभर घरांना विचारण्यात आलं. शंभरही घरांनी असा माणूस शेजारच्या घरात असल्याचं सांगितलं. तुमच्या घरात असं कोणी नाही अशी तुमची खात्रीच असेल, तर घरच्यांना एकदा विचारून घ्यायला हरकत नाही. फक्त विचारायला आतल्या खोलीत जाल तेव्हा जाता जाता बाहेरच्या खोलीतला दिवा बंद करू नका. तिथे कोणीतरी बसलेलं असतं.