आमच्या ठेसनचा दौलत सिंगल

दौलतनं आजवर गावातलं एकही काम वेळेवर सुरू होऊ दिलेलं नाही. लग्न असो, ग्रामसभा असो, झेंडावंदन असो, सगळे जमले, आता सुरू करायचं, की मागून त्याचा हात वर होतो.

"थांब ना भाऊ, एक जण येऊन राह्यला!"

कोण येऊन राह्यला ते तो सांगत नाही. पुष्कळदा त्यालाच माहीत नसतं. पण कोणी ना कोणी उशिरा येतंच, आणि आलं की दौलत असा चारीकडे पाहतो, जसं काही त्या माणसाला यानंच जन्माला घातलं. एका झेंडावंदनाला सरपंच हातात दोरी धरून उभा, शाळेची पोरं उन्हात उभी, आणि दौलत म्हणतो थांबा. शेवटी धापा टाकत कोण आला? तर आमचा न्हावी. तोही झेंड्यासाठी नाही, हरवलेली बकरी शोधत.

गावानं त्याचं नाव दौलत सिंगल ठेवलं. खरं पाहिलं तर आमच्या ठेसनला सिग्नल नव्हताच. दौलत होता.

ठेसन म्हणजे एक दगडी खोली, वर टिनं, पुढं ओटा. यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला जाणारी बारकी गाडी तिथं थांबायची. विंग्रजानं ती कापूस न्यायला टाकली होती; माणसं बसली तर त्याची हरकत नव्हती, एवढंच. गार्डच खाली उतरून तिकिटं द्यायचा. फाटक लावायलाही गाडीतलाच माणूस उतरायचा, आणि गाडी पलीकडे गेली की फाटक उघडून धावत येऊन चढायचा. अशी गाडी अडवण्यात काही पराक्रम नाही, हे मी दौलतला जन्मभर सांगत आलो. तो ऐकत नाही. मीही सोडत नाही.

त्याची रीत अशी. नाल्यापलीकडच्या तांड्यावरची माणसं गाडीला नेहमी उशिरा निघायची. त्यांची डोकी कपाशीच्या पऱ्हाटीतून दिसली की दौलत एक पाय डब्याच्या पायरीवर ठेवायचा आणि दुसरा ओट्यावर.

"चढ ना बे!" गार्ड ओरडायचा.

"चढूनच राह्यलो ना साहेब. गुडघा वाकत नाही."

तेव्हा त्याला मिसरूड फुटून फार दिवस झाले नव्हते. तांड्यावरच्या बाया टोपल्या घेऊन चढल्या की त्याचा गुडघा बरा व्हायचा आणि पाय खाली यायचा.

"अबे, तुले जायचं कुठं आहे?"

"मले? मले कुठीच नाही जा लागत."

मग गाडी बंद पडली. आता मोठी लाईन होणार, असं दर निवडणुकीत कोणीतरी येऊन त्या ओट्यावरून सांगायचा, टाळ्या घ्यायचा आणि जीपनं परत जायचा. त्यानंतर मोबाईलवाली पोरं येऊ लागली. खोलीपुढं उभं राहून आठवणी सांगायची. ज्यांच्या बापानं कधी तिकीट काढलं नाही, त्यांच्या आठवणी! बंद ठेसनवर जितकी माणसं आली तितकी चालू ठेसनवर आली असती तर गाडी बंद कायले पडली असती? हे मी एका व्हिडिओवाल्याला तोंडावर विचारलं. तो म्हणाला, "काका, हेच थोडं रडून बोलता का?" मी त्याला काठी दाखवली.

यंदा ती खोली पाडायचं ठरलं. जेसीबी यायच्या दिवशी सकाळीच दौलत माझ्या दारात.

"बाई येऊन राह्यली," म्हणाला.

बाई म्हणजे त्याची थोरली बहीण, यशोदाबाई. मूर्तिजापूरकडं दिलेली. दर दिवाळीला गाडीनं माहेरी यायची. बस तिला सोसत नाही. फाटा यायच्या आत ओकाऱ्या सुरू. गाडी बंद झाली आणि तिचं माहेरही बंद झालं. दौलतची बायको वारली तेव्हा ती बसनं निघाली होती, पण हाल इतके झाले की अर्ध्या वाटेतून परत न्यावं लागलं. आणि हा म्हशीचं निमित्त सांगून गाव सोडत नाही.

"ठेसन पडून राह्यलं म्हणून निरोप धाडला म्या. तिनं एकडाव पाह्यलं पाह्यजे. ती येईपर्यंत मशीन अडवा लागते. तू चाल माह्यासंगं."

"मी कायले?"

"चाल ना बे."

गेलो. जेसीबी आला होता. चालवणारा वणीकडचा, अशफाक नावाचा, पोरंबाळं असलेला सरळ माणूस. दौलत दारासमोर मांडी घालून बसला.

"चाचा, हटो ना. शामच्या आत पाडून पुढच्या गावाले जा लागते मले."

"आत नाग आहे."

अशफाक उतरला, आत डोकावून आला. "नाग कहाँ है? कुत्री झोपली आहे."

"मंग तिले तं उठू दे."

कुत्री उठली, अंग झटकून गेली. तेव्हा दौलतनं पाडायचा कागद मागितला आणि माझ्या हातात दिला. "वाच."

मी चौथीत शाळा सोडली. अक्षर लावून वाचतो, पण समजल्याशिवाय पुढच्या ओळीवर जात नाही. शिकलेले भरभर वाचतात आणि सही करून फसतात. मी दुसऱ्या ओळीत असताना अशफाकनं मशीन बंद केलं आणि तंबाखू काढली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की या माणसानं मला संगं काहून आणलं. राग तर असा आला की कागद त्याच्या तोंडावर फेकावा. मग त्याच्याकडं पाहिलं. डोळे रस्त्यावर, हातात धोतराचा सोगा, नुसता पिळून राह्यला होता.

"नीट लागलं नाही," मी म्हणालो, आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केलं.

कागद कधीतरी संपलाच. मग दौलतनं भाकरी आणि ठेचा सोडला. अशफाक जेवला. ठेकेदाराचा फोन आला तेव्हा हाच फोनवर सांगत होता, "बस साब, एक सवारी आने की है." जेवून तो लिंबाखाली आडवा झाला. दौलत मात्र बसून उठत होता, उठून बसत होता. "नाही येत ती," तो एकदा म्हणाला. या माणसाच्या तोंडून हे शब्द मी कधी ऐकले नव्हते. मला ते आवडले नाहीत.

ऊन कलल्यावर रस्त्यानं छोटा हत्ती आला, माल न्यायचा टेंपो. मागच्या उघड्या हौद्यात दोरीनं बांधलेली प्लास्टिकची खुर्ची, आणि खुर्चीत डोक्यावरून पदर घेतलेली यशोदाबाई, मांडीवर गाठोडं. उघड्या हवेत तिला ओकारी येत नाही, हे इतक्या वर्षांनी घरात कोणाच्या तरी ध्यानात आलं होतं. तिचा नातू गाडी चालवत होता. त्यानं आणि अशफाकनं मिळून तिला खुर्चीसकट खाली उतरवलं.

"पाह्यलं काय बाई?" दौलत खोलीकडं हात करून लगबगीनं बोलू लागला. "हे आता पाडतेत. थो ओटा पाह्य, तू उतरत होती थो. तिकिटाची खिडकी पाह्य..."

म्हातारी खोलीकडं पाहतच नव्हती. त्याच्याकडं पाहत होती.

"इतका वाळला काहून रे?"

"बाई, ठेसन..."

"आग लागो तुह्या ठेसनले. मी का दगडं पाहाले आली? तवाही तुह्यंच तोंड पाहाले येत होती." तिनं त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं. "तुही बायको गेली तवा मी अर्ध्या रस्त्यातून वापस गेली. एकडाव नुसतं 'बाई ये' म्हटलं असतं, तं बैलगाडीत निजून आली असती. ठेसन पडेपर्यंत वाट पाह्यली, मुडद्या?"

गार्डाशी, सरपंचाशी, गावाशी आणि माझ्याशी जन्मभर भांडलेला माणूस. पागोट्याच्या शेवानं तोंड पुसत राहिला.

"चाचा?" अशफाकनं हळूच विचारलं.

दौलतनं मागं न पाहता हात हलवला. पाड.

पहिल्यानं टिनं खाली आली, मग भिंत. एवढा आवाज झाला, एवढा धुरळा उडाला, म्हणून मी वळून पाहिलं की दौलत थांबला काय. दोघं गावाच्या रस्त्याला लागली होती. तो तिच्या हातातलं गाठोडं ओढत होता आणि ती सोडत नव्हती.